उचललेला पाय

नाना, तुम्ही गेलात आणि आपलं भांडण अर्धवट राहिलं, याचा मला आधी राग आला. रडू मागाहून आलं. मला बघून काकू म्हणाल्या, "उनी का माय? देखी ले त्यासले," आणि मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत मनातल्या मनात तुम्हाला सुनावत होते, की असं मध्येच उठून जायचं नसतं. पण तुमची सवयच ती. वाद रंगात आला आणि माझं पारडं जड व्हायला लागलं की तुम्ही चपला शोधायला लागायचात. "लूम बंद पडनात वाटस," म्हणायचात आणि कारखान्याकडे चालू लागायचात. लूम एकही बंद पडलेला नसायचा. त्यांचा खडखडाट आपल्या सगळ्या लिंबायत वस्तीला ऐकू येत असायचा.

गल्लीत तुमच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच. अमळनेरकडचा माणूस, फौजेत विमानं पाडायच्या तोफेवर होता, एकाहत्तरची लढाई पाहिलेला, पेन्शन घेऊन सुरतेला आला आणि लूमच्या कारखान्यात मास्तर झाला. पप्पा तुमच्या हाताखाली लूम चालवायचे. आमचं घर तुमच्या घराला लागून, मधली भिंत इतकी पातळ की मी पुस्तक मोठ्यानं वाचायला लागले की तुम्ही पलीकडून खोकून विचारायचात, "हाई कसाले? कोन बनाडं?" मी इंजिनियर झाले ती पप्पांच्या मेहनतीनं, हे खरंच आहे. पण 'हे कशाला' असं विचारायची खोड तुमची. ती मला लागली आणि कॉलेजात तिनं मला बरेच शत्रू मिळवून दिले.

आणि सगळ्यांना ठाऊक होती ती गोष्ट. गणपतीच्या मांडवात आरती झाली की कुणीतरी म्हणायचंच, नाना, ती विमानाची सांगा. लढाईतली संध्याकाळ. सरहद्दीजवळचं विमानतळ, नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत. हुकूम 'मोकळं' असा होता, म्हणजे जे विमान आपलं म्हणून ओळखू येत नाही ते पाडायचं. आपली विमानं परत येताना ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या उंचीवरून यायची. हे एक भलत्याच बाजूनं, झाडांच्या शेंड्यांवरून आलं. रडारनं त्याला धरलं आणि तोफ आपोआप त्याच्याकडे वळली. तुम्ही तोफेवर बसलेले, पायाखाली गोळे सोडायचं पेडल. टेलिफोनवर विचारलं, आपलं आहे का? पलीकडून उत्तर नाही. मागून साहेब ओरडतोय, मार. "आनि मी पाय उचला," तुम्ही म्हणायचात. म्हणताना खरोखरच उजवा पाय जमिनीवरून वर घ्यायचात. गोष्ट तिथंच संपायची.

पुढे काय झालं, असं कुणी विचारलं नाही. विचारायचं काय? विमान आपलं असणार, पाय उचलला म्हणून आपला वैमानिक वाचला असणार. गल्लीत सगळे असंच सांगायचे. माझ्या आईनं तर त्या वैमानिकाचं लग्न लावून त्याला दोन मुलंही देऊन टाकली होती. तुम्ही कधी हो म्हणाला नाहीत. नाहीही म्हणाला नाहीत.

आपलं पहिलं मोठं भांडण झालं ते मात्र लूमच्या काट्यावरून. मी नुकती इलेक्ट्रॉनिक्सला गेले होते आणि मला जगातलं सगळं कळायला लागलं होतं. लूमवर एक बारका काटा असतो. आडवा धागा तुटला की तो पडतो आणि लूम आपोआप थांबतो, नाहीतर कापडात फट राहते. पण जुन्या लूमचा काटा धागा शाबूत असतानाही पडायचा. एका माणसाकडे इतके लूम, मजुरी मीटरवर, आणि हा उगाचच थांबतोय. मग कारागीर चिंधीनं काटा बांधून टाकायचा. लूम थांबायचा नाही आणि धागा खरंच तुटला की कापड वाया जायचं. तुम्ही पाळीला आत शिरलात की चिंध्या सोडत पुढे जायचात आणि कारागीर तुमच्या मागून पुन्हा बांधत यायचे. ओरडलात तर उत्तर ठरलेलं, "चालशे, मास्तर." सगळी सुरत त्या एका शब्दावर चालते, पण तो ऐकला की तुमच्या कपाळावरची शीर उभी राहायची. पप्पाही काटा बांधायचे. ते तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही आईला कधी कळू दिलं नाहीत.

मी म्हटलं, नाना, दोष चिंधीचा नाही, काट्याचा आहे. मी असा काटा करून देते की तो उगाच थांबणारच नाही. तुम्ही म्हणालात, फौजेत धोक्याचा भोंगा असाच होता. इतक्यांदा खोटा वाजला की शेवटी भोंगा वाजत असताना पोरं जेवत बसायची. मी टाळी वाजवली. तेच तर म्हणतेय, भोंगा सुधारा. "सुधारा ना," तुम्ही म्हणालात, "मंग मानूस आभाळकडे देखस का? भोंगा वाजना नही, म्हंजे काही नही, आसं समजीसन झोपी जास." म्हणजे यंत्र खोटं बोललं तर माणूस त्याचं ऐकत नाही, आणि खरं बोलायला लागलं तर स्वतः बघायचं सोडतो. मी चिडून विचारलं, मग तुम्हाला हवंय तरी काय, वाईट यंत्र? तुम्ही हसलात आणि चपला शोधायला लागलात.

दुसरं भांडण मी जिंकले असं मला अजून वाटतं. मी शाळेत असताना आखातात अमेरिकन युद्धनौकेनं एक प्रवासी विमान पाडलं होतं. आत बायका, लेकरं, सगळी गेली. ती बातमी ऐकून तुम्ही दिवसभर कुणाशी बोलला नव्हता. पुढे कॉलेजच्या लायब्ररीत मला त्याच्यावरचा एक लेख सापडला आणि मी धावत तुमच्याकडे आले. कारण त्यात लिहिलं होतं की यंत्र बरोबर होतं. विमान वर चढतंय असं यंत्र सांगत होतं, आणि घाबरलेल्या माणसांनी ते खाली आपल्या अंगावर येतंय असं वाचलं. मी म्हटलं, बघा नाना, माणसांनी मारलं. यंत्राचं ऐकलं असतं तर सगळे घरी पोचले असते.

तुम्ही विचारलंत, "एवढं शानं मशीन व्हतं, तरी पाडं. मंग मशीन शानं करीसन काय मिळनं?" मी म्हटलं, म्हणूनच म्हणते, मधून माणूस काढून टाका. त्यावर तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. मला अजूनही सांगता येत नाही कसं. त्या दिवशी तुम्ही चपलाही शोधल्या नाहीत, तसेच अनवाणी निघून गेलात.

बंगळूरच्या नोकरीचं मी तुम्हाला उशिरा सांगितलं, कारण मला तो चेहरा पुन्हा बघायचा नव्हता. आई गल्लीभर पेढे वाटून आली तेव्हा मात्र लपवायला काही उरलं नाही. तुम्ही पेढा हातात धरून विचारलंत, काम काय? मी सांगितलं. विमानतळाच्या रक्षणाची नवी तोफ आहे. ती स्वतः शोधते, स्वतः वळते, आणि वेळ थोडा असेल तर स्वतःच गोळे सोडते. आता विमानाच्या जागी क्षेपणास्त्र येतं, नाना, ते इतक्या वेगानं येतं की माणसाचा पाय हलेपर्यंत सगळं संपलेलं असतं. समोरच्याला यंत्र विचारतं, तू आपला का? आपला असेल तर त्याचं यंत्र उत्तर देतं.

"आनि उत्तर नही ऊनं त?"

मी म्हटलं, तेच ठरवायचं काम माझ्याकडे येणार आहे. किती थांबायचं, काय काय बघायचं आणि मग काय करायचं. तुम्ही पेढा खाल्ला, हात झटकलेत आणि म्हणालात, "उदईक बोलसूत." दुसऱ्या दिवशी तुमची दिवसपाळी होती, मग माझी कागदपत्रांची धावपळ, आणि पुढच्याच आठवड्यात कारखान्यात छातीत कळ येऊन तुम्ही खाली बसलात ते बसलातच. तुम्हाला काय बोलायचं होतं ते राहिलं.

मुलाखतीचं तर मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. तिथल्या मोठ्या साहेबांनी विचारलं होतं, मुली सहसा या कामाकडे वळत नाहीत, तुला हेच का करायचंय? मी तुमची गोष्ट सांगितली, गल्लीनं लावलेल्या शेवटासकट. विमान आपलं होतं, वैमानिक वाचला. म्हटलं, मला असं यंत्र करायचंय ज्याला पाय उचलता येईल. साहेब एकदम खूश झाले. नोकरी मला तुमच्या गोष्टीवर मिळाली, नाना. हे तुम्हाला सांगून मी तुमच्याकडून शाबासकी काढणार होते.

दहाव्याला अमळनेरहून इंदूबाई आल्या. दर भाऊबीजेला तुम्ही उधना स्टेशनवरून भुसावळच्या गाडीत बसून ज्या मानलेल्या बहिणीकडे जायचात, त्या. तुमच्या घरात माणसं मावत नव्हती म्हणून काकूंनी त्यांना आमच्याकडे टेकायला पाठवलं. उंच, हडकुळ्या, कपाळ मोकळं. मी चहा दिला आणि त्यांना बरं वाटावं म्हणून तुमची गोष्ट काढली. म्हटलं, नानांमुळे एका वैमानिकाचा जीव वाचला, आम्ही सगळे अभिमानानं सांगतो. त्यांनी सगळी ऐकून घेतली. बशी खाली ठेवली.

"ते इमान आपलं नव्हतं, माय," त्या म्हणाल्या.

ते शत्रूचं होतं. पुढे जाऊन त्यानं बॉम्ब टाकले ते शेजारच्या तोफेवर पडले. "तठे मना मालक व्हता." तुम्ही आणि त्यांचा नवरा एकाच गावचे, एकाच दिवशी भरती झालेले. मला हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्या मात्र शांतपणे सांगत होत्या, जणू खूप वेळा मनात सांगून झालंय. फौजेकडून कळवलं ते एवढंच, की तो लढताना गेला. कुणी तुमचं नाव घेतलं नाही, घ्यायचं कारणही नव्हतं, त्या गोंधळात कोण कुणाला विचारणार होतं. तुम्ही पहिल्या सुट्टीत स्वतःच त्यांच्या ओट्यावर येऊन बसलात आणि सासूसासऱ्यांसमोर सगळं सांगितलंत.

इंदूबाईंनी तेव्हा एकच विचारलं होतं. पुन्हा तसंच विमान आलं तर? तुम्ही म्हणालात, पुन्हा उचलीन. आणि हेही सांगितलंत की उचललाही होता. दुसऱ्याच दिवशी, मित्राला अग्नी देऊन आल्यावर, तसंच एक विमान भलत्या बाजूनं आलं, तसंच टेलिफोनवर उत्तर नाही, सगळे ओरडतायत, आणि तुमचा पाय पुन्हा वर. ते काही न टाकता डोक्यावरून निघून गेलं. कुणाचं होतं ते कधीच कळलं नाही.

इंदूबाई उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. पुढे दर भाऊबीजेला तुम्ही जायचात, बंद दारासमोर बसायचात, लुगडं ओट्यावर ठेवून परत यायचात. ती लुगडी त्या गावात वाटून टाकायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली. मी विचारलं, मग दार कशामुळे उघडलंत? "त्या दुसरा इमानमा कोनी त व्हतं ना. त्याना घर बी बाई असेल. एक भाऊबीजले ती बाई मना मनमा उनी. मंग मी दार उघाडं."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि खरं सांगते, आधी मला तुमचा पुन्हा रागच आला. इतकी वर्षं माझ्याशी वाद घालताना तुमच्याकडे हे होतं आणि तुम्ही मला कळू दिलं नाहीत. मग हळूहळू लक्षात आलं की हे मला कळलं असतं तर मी काय केलं असतं. मी त्याच क्षणी जिंकले असते. म्हटलं असतं, बघा, यंत्र बरोबर होतं, तोफ बरोबर वळली होती, चुकला तो तुमचा पाय. हे मी नक्की म्हटलं असतं, हसत हसत म्हटलं असतं. तुम्हाला ते माहीत होतं, आणि तरीही तुम्ही रोज संध्याकाळी माझ्याशी वाद घालायला ओट्यावर येऊन बसायचात.

आता मला तुमचे आभार मानायचेत आणि ते कुठे मानू ते समजत नाही. मी बोलत असताना तुम्ही मला कधी गप्प केलं नाहीत. एक मेलेला मित्र मध्ये ठेवला असतात तर मी आयुष्यात पुन्हा तोंड उघडलं नसतं. तुम्ही तो मध्ये ठेवला नाहीत. आणि तरी माझं समाधान होत नाही, नाना. तुमचं बरोबर होतं असं मला अजून म्हणता येत नाही. एका विमानाचा हिशोब समोर आहे, इंदूबाईंचं कपाळ मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्याचा कुणाकडेच नाही. यंत्राला शिकवायचं तर जे कळलंय त्यावरून शिकवतात. मग यंत्र तुमच्या पायाला चूकच ठरवणार, आणि दुसरा जो कुणी घरी पोचला असेल तो कुठेच मोजला जाणार नाही. मोजला गेला नाही म्हणून तो नव्हताच, असंही नाही. यावर तुम्ही काय म्हणाला असतात, हे मला पाहिजे होतं.

तेराव्यापर्यंत इंदूबाई राहिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, काम काय आहे तेही, आणि विचारलं, जाऊ का? मला वाटलं नको म्हणतील. त्या तांदूळ निवडत होत्या. "जावानं त जाय," त्या म्हणाल्या. "तू नही गई त दुसरं कोनी करीच. पन तुनं मशीन चुकनं, त मना दारवर कोन येई?"

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.डी.च्या दुकानातून बंगळूरला साहेबांना फोन लावला. आधी म्हटलं, मुलाखतीत मी एक गोष्ट चुकीची सांगितली होती, ती दुरुस्त करायची आहे. सगळी सांगितली. साहेब भले आहेत, त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाले, म्हणजे आपलं यंत्र तिथं असतं तर तो जवान वाचला असता. मी म्हटलं, हो. आणि दुसऱ्या विमानाचं माहीत नाही. ते म्हणाले, माहीत नाही, बरोबर. मग मी विचारलं, सर, आपलं यंत्र चुकलं तर मेलेल्या माणसाच्या घरी कोण जातं? ते म्हणाले, चौकशी समिती बसते. मी म्हटलं, समिती बसते ते कळलं, घरी कोण जातं? ते म्हणाले, हे मला आजवर कुणी विचारलं नाही, हा प्रश्न आमच्या विभागाचाही नाही. विचार करून दोन दिवसांत सांगतो. मी म्हटलं, सांगा, त्यावर मी यायचं की नाही ते ठरवीन. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. घरी आईनं तर डोक्याला हात लावला. पेढे वाटून झालेत ना.

भांडताना मला जोर येतो, ते तुम्हाला माहीत आहे. फोन ठेवल्यावर मात्र तो जोर टिकला नाही. कारण समजा ते म्हणाले, ठीक आहे, तुम्हीच जा. काम तुमचं, उत्तर आलं नाही तर काय करायचं ते ठरवणार तुम्ही, मग जाणारही तुम्ही. मला हेच हवंय ना? मीच मागितलं ना? मग मी कुठल्या ओट्यावर जाऊन बसू, आणि आतून बाई आली तर काय बोलू?

आज इंदूबाईंना उधन्याला गाडीत बसवून आले. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी उभं राहून मी विचारलं, नाना पहिल्यांदा आले तेव्हा सगळ्यात आधी काय म्हणाले? त्यांना आठवायला वेळ लागला नाही. तुम्ही बूटसुद्धा काढले नव्हते म्हणे. म्हणालात, "वहिनी, तोफवर मी व्हतू."

घरी येऊन मी दार लावलं आणि ते वाक्य माझ्यापुरतं बदलून मोठ्यानं म्हणायला बघितलं. वहिनी, ते यंत्र मी केलंय. दोनदा प्रयत्न केला. 'वहिनी'पर्यंत जमतं, नाना. पुढचं अजून तोंडातून निघत नाही.